कारवारच्या किनाऱ्यावरचे मेजर राणे

महोदय,

११ जुलै हा परमवीरचक्र विजेते मेजर रामा राघोबा राणे यांचा स्मृतिदिन. १९९४ मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं. मूळ गाव कारवारजवळचं चेंडिया, वडील पोलिसात शिपाई. १९४० मध्ये लष्कराच्या बॉम्बे इंजिनिअर्स या अभियंता दलात भरती होऊन ते ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढले.

एप्रिल १९४८, काश्मीरमधलं भारत-पाकिस्तान युद्ध. जम्मू भागातल्या नौशेराहून राजौरीकडे निघालेल्या रणगाड्यांची वाट सुरुंगांनी आणि आडव्या पाडलेल्या झाडांनी अडवली होती. सेकंड लेफ्टनंट राणे जखमी होते, तरी माघारी गेले नाहीत. वरून गोळीबार होत असताना रणगाड्याखाली पोटावर सरपटत, चालकाला दोरीने खूण करत ते पुढे सरकत राहिले. माझ्या मते शौर्याचं याहून अवघड रूप नाही. हल्ला करताना अंगात आवेश असतो. इथे सुरुंगाला हात घालताना बोटही थरथरून चालणार नव्हतं.

परमवीरचक्र हयातीत स्वीकारणाऱ्या मोजक्यांपैकी ते एक. कारवारच्या किनाऱ्यावर त्यांचा पुतळा आहे. गावाने आपल्या माणसाची आठवण ठेवली, याचं मला मनापासून समाधान वाटतं. पण पुतळ्यापाशी फोटो काढणाऱ्या मुलांना ती दोरी आणि तो रणगाडा कोणी सांगतं का? यंदाच्या स्मृतिदिनी शाळांनी मुलांना तिथे न्यावं, गावातल्या एखाद्या निवृत्त जवानाला सोबत घ्यावं आणि त्यालाच बोलू द्यावं.

– एक वाचक