चि. मनूस, पाचव्या महिन्यात

चि. सौ. मनूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तुझ्या ९.१ आलेल्या हिमोग्लोबिनवरून जे झालं त्यानंतर तुझ्या आईने मला बजावलंय की आता आठवडाभर त्याचं नाव काढायचं नाही. तिचं ऐकायचं मनापासून ठरवलं आहे. म्हणून आधी दुसरं लिहितो.

सोनोग्राफीचा रिपोर्ट मिळाला. हृदयाचे चारही कप्पे, पाठीचा कणा, मूत्रपिंडं, वरचा ओठ, सगळं नीट असल्याचं लिहिलं आहे. वार (प्लासेंटा) वरच्या बाजूला आहे, खाली सरकलेली नाही, हे वाचून मला फार हायसं वाटलं. अठरा ते बावीस आठवड्यांमधली ही तपासणी बाळाच्या अवयवांची असते, तिथे काही निघालं नाही म्हणजे मोठं काम झालं. काकींनी 'काय आहे ते कळलं का' म्हणून विचारलं. त्यांना म्हटलं, बाळ आहे. १९९४चा गर्भलिंगनिदान बंदीचा कायदा झाला तेव्हा मी नोकरीत होतो. तोवर काय काय चालायचं ते पाहिलंय. आपल्या घरात तो प्रश्न पुन्हा कुणी विचारणार नाही.

आई सांगत होती, आता तुला आत मासोळी वळल्यासारखं जाणवतं. पहिलटकरणीला ते उशिराच कळतं, त्यामुळे आजवर नाही कळलं म्हणून तू उगाच घाबरली होतीस. उलट्या थांबल्या, जेवण जातंय, झोप लागतेय. सगळे म्हणतात चौथा-पाचवा-सहावा हे सुखाचे महिने. असू देत.

पण मनू, बर्फाचं मला तू सांगितलं नाहीस. आईला हसत सांगितलंस, तिने मला हसत सांगितलं, की मनूला बर्फ चघळायचे डोहाळे लागलेत, फ्रीजमधले ट्रे रिकामे करते, ऑफिसमध्येही पेल्यातला बर्फ कडाकडा चावते. मला हसू आलं नाही. बर्फाचा तो डोहाळा नसतो. अंगातलं लोह संपत आलं की काही बायकांना माती, राख, कच्चे तांदूळ, पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटते, काहींना बर्फ. तुझ्या आत्याने चुलीचं पोतेरं खरवडून खाल्लं होतं. आजी रागवायची, तर ती गोठ्यात जाऊन खायची.

आत्याचा बापू आपल्या घरी का वाढला हे तुला माहीत आहे. त्याआधीचे चार महिने कसे होते ते मी तुला कधी सांगितलं नव्हतं. मी तेव्हा बारावीला होतो. तिला कुणी छळलं नाही, उपाशी ठेवलं नाही. ती माहेरी आली तेव्हा नखं पांढरी होती, विहिरीवरून घागर आणताना धाप लागायची, मध्ये दोनदा बसायची. घरातल्या बाया म्हणायच्या, पोटुशी आहे, होणारच, सगळ्यांचंच होतं. बाळंतपण अडलं नाही. बापू नीट रडला. त्यानंतर रक्त थांबेना. दुसरी एखादी धडधाकट बाई कदाचित तेवढं रक्त सोसून गेली असती. आत्याच्या अंगात सोसायला काही शिल्लकच नव्हतं. रक्त जिल्ह्याच्या गावी मिळायचं, जीप निघाली, आणि पुढचं तुला माहीत आहे. मी लॅबची लाइन धरली ती त्याच्यानंतर. लोकांना वाटतं मार्क कमी पडले म्हणून.

म्हणून परवा तू म्हणालीस की 'अप्पा, प्रेग्नन्सीत सगळ्यांचंच कमी असतं', तेव्हा माझा आवाज चढला. तुझ्यावर नव्हता चढला.

सगळ्यांचं कमी असतं हे खरंच आहे. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या शंभरातल्या बावन्न गरोदर बायांना रक्तक्षय निघाला. निम्म्याहून जास्त बाया आजारी निघाल्या म्हणजे ते आजारपण नाही, असा हिशेब कुठे आहे? माझी सगळी नोकरी हे एक वाक्य ऐकण्यात गेली, सुना म्हणायच्या, सासवा म्हणायच्या, शिकलेले नवरेही म्हणायचे. आता माझी इंजिनिअर मुलगी म्हणते.

रक्त पातळ होतं हे मला मान्य आहे. पाचव्या महिन्यात रक्तातलं पाणी पेशींपेक्षा वेगाने वाढतं, आठव्या महिन्यापर्यंत वाढत राहतं. त्यासाठीच जागतिक आरोग्य संघटनेने दुसऱ्या तिमाहीत हिमोग्लोबिनची मर्यादा ११वरून १०.५ अशी खाली घेतली. पण नुसतं पातळ होऊन ९.१ येत नाही, आणि पातळ झाल्याने पेशी लहान होत नाहीत. तुझ्या रिपोर्टमध्ये एमसीव्ही, म्हणजे पेशींचा आकार, ७२ आहे, फेरिटिन, म्हणजे साठ्यातलं लोह, ८ आहे, दोन्ही कमी. थॅलेसेमियाची तपासणी तिसऱ्या महिन्यातच नॉर्मल आली होती. मग लोहाशिवाय दुसरं कारण उरतच नाही. आणि अशा वेळी तू गोळ्या बंद केल्यास.

का बंद केल्यास ते समजतं. पोट ढवळतं, शौचाला होत नाही, काळं होतं. काळं होणं चांगलंच, गोळी पोटात गेल्याची ती खूण. बाकीच्यासाठी ऐक. लोहाची गोळी दूध, चहा, कॉफीबरोबर घ्यायची नाही, आणि त्यांच्या आगेमागे तासभर तरी नाही. तू सकाळी लोह आणि कॅल्शियम एकत्र, वर चहा, असं घेत होतीस. त्यात ढवळायचं तेवढं ढवळलं आणि लागायचं ते लागलं नाही. कॅल्शियम सकाळ-दुपार जेवणानंतर घे, लोह रात्री, लिंबूपाण्याबरोबर. उपाशीपोटी ते सगळ्यांत चांगलं लागू पडतं, पण सोसत नसेल तर जेवून तासाभराने, झोपण्याआधी घे. थोडं कमी शोषलं जाईल, पण रोज घेशील तरी. तरीही नाहीच जमलं तर डॉक्टरीणबाईंना स्पष्ट सांग की मी घेत नाहीये. त्या गोळी बदलून देतील, नाहीतर शिरेतून लोह देतील. दुसऱ्या तिमाहीपासून ते देता येतं. त्यांना 'घेते' सांगून घरी पाकीट कपाटात ठेवायचं, एवढं मात्र करू नकोस.

तुझ्या सासूबाई बिटाचा रस देतात, त्यांची माया आहे, पी. पण बीट लाल असतं म्हणून रक्त वाढत नाही. गूळ-शेंगदाणे खा, बाजरीची भाकरी खा, शेवग्याचा पाला, राजगिरा, हरभऱ्याची भाजी वर लिंबू पिळून खा. मटण तुला आवडतं, तर आठवड्यातून खा, त्यातलं लोह अंगाला पटकन लागतं. हळिवाचे लाडू आई आत्ताच करायला निघाली होती, ते बाळंतपणानंतरचे, तिला थांबवलंय. एवढं सगळं खाऊनही ९.१चं ११ नुसत्या जेवणाने होत नाही. अख्ख्या गरोदरपणाला हजारेक मिलिग्रॅम लोह लागतं आणि त्यातलं बरंचसं बाळ शेवटच्या महिन्यांत ओढून घेतं. आत्ता तुझ्या हातात चार महिने आहेत. नीट घेतलंस तर हिमोग्लोबिन महिन्याला साधारण एक ग्रॅम चढतं. नवव्या महिन्यात जाग आली तर गोळ्यांना वेळच उरत नाही, मग रक्ताच्या बाटल्या शोधाव्या लागतात.

बघ, नाव काढणार नव्हतो आणि पानं भरली. तुला ऑफिस आहे, हिंजवडीचा तो रोजचा प्रवास आहे, टीमची दहा माणसं सांभाळायची आहेत, त्यात बापाचं हे व्याख्यान. माफ कर. तू लहान नाहीस.

तू सहा-सात वर्षांची असताना सुट्टीत माझ्याबरोबर दवाखान्यात यायचीस. खिडकीपाशी उजेडात मी हिमोग्लोबिन मोजायची साहलीची नळी धरायचो. आधी विसाच्या खुणेपर्यंत अ‍ॅसिड, मग बोटाचं वीस क्युबिक मिलिमीटर रक्त, ते तपकिरी होईपर्यंत दहा मिनिटं थांबायचं, मग थेंबथेंब पाणी टाकत शेजारच्या काचेशी रंग जुळवायचा. तू म्हणायचीस, 'अप्पा, अजून एक थेंब, अजून थोडा काळा आहे.' तुझा डोळा पक्का होता. रांगेतल्या बाया म्हणायच्या, साहेबांची पोर डॉक्टर होणार. बाहेर बाकावर पोटुशा बसलेल्या असायच्या, कळसूबाईच्या पायथ्याकडून चालत, जीपच्या मागच्या बाजूला बसून आलेल्या. नळीत ६ आलं, साडेपाच आलं की मी वर न बघता कागदावर लिहायचो, आणि तू विचारायचीस की हा आकडा लाल शाईने का लिहिला. तेव्हा तुला काय सांगणार होतो.

तू पोटात असताना तुझ्या आईचं रक्त मीच तपासायचो. तिचं कधी १०च्या खाली गेलं नाही. जाऊच दिलं नाही. ती अजून सांगते की त्या नऊ महिन्यांत मी नवऱ्यासारखा कमी आणि लॅबवाल्यासारखा जास्त वागलो.

आता जे लिहितोय ते तिला आवडणार नाही. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तिने खोलीला रंगसुद्धा द्यायला घेतलाय. सातव्यात डोहाळजेवणाला जरूर ये. हिरवी साडी, फुलांची वाडी, झोपाळा, सगळं ती म्हणेल तसं करू. पण बाळंतपण पुण्यातच होऊ दे. जिथे रात्री दोन वाजता रक्त मागितलं तर तासाभरात मिळतं, तिथे. आई तिकडे येऊन राहील, सव्वा महिना काय, हवे तितके दिवस. इथे अकोले गावी तुझं कोडकौतुक मी बाळासकट करीन. लोक म्हणतील, लेकीला माहेरी आणलं नाही. म्हणू देत.

दवाखाना ठरवताना जावईबापूंना एवढंच विचारायला सांग की त्यांची रक्तपेढी कोणती आणि ती किती लांब आहे. तुझा गट ओ पॉझिटिव्ह, माझाही तोच, धाकट्याचाही. सख्ख्या नात्यातलं रक्त तुला सहसा देणार नाहीत, पण पेढीत बदली रक्तदाते लागले तर आम्ही आहोत. मला अजून वयाची अडचण नाही. बापूला यातलं काही सांगितलं नव्हतं, तरी परवा तो दुकानातून स्वतः आला आणि म्हणाला, मनूच्या तारखेला मला आधी कळवा, गाडीसकट येतो. त्याच्यापुढे मला बोलवेना.

बाकी थोडं. चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांत साखरेची तपासणी सांगतील, ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायला देतात, दोन तासांनी रक्त घेतात. आपल्याकडे आजीला मधुमेह होता, हे त्यांना सांगून ठेव. डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढे चमकलं, तोंडावर सूज आली तर रात्रीची वेळ बघू नकोस, फोन कर आणि निघ. रजेचा अर्ज लवकर दे. सव्वीस आठवडे तुझा हक्क आहे आणि त्यातले आठ आधी घेता येतात. नवव्या महिन्यापर्यंत लॅपटॉप पोटावर ठेवून बसायची काही गरज नाही. तू हुशार आहेस, सहा महिन्यांनी परत गेलीस तरी तुझं काम तुझंच राहील.

पुढचं हिमोग्लोबिन चार आठवड्यांनी कर. माझ्यासाठी नको, स्वतःसाठी कर, पण आकडा मला कळव. रिपोर्टचा फोटो नको, पीडीएफ पाठव. फोटोत एमसीव्हीची ओळ वाचता येत नाही.

तुझे,
अप्पा

ता. क. आईने पत्र वाचलं. बाळंतपणाचं वाचून गप्प आहे. तू फोन केलास तर तिच्याशी आधी त्याबद्दल बोल, माझ्याशी नंतर.