आईच्या ओव्या रेडिओवर लावणाऱ्यांचे आभार

म्हसवडच्या 'माणदेशी तरंग' या सामुदायिक रेडिओ केंद्रावर, म्हणजे आसपासच्या लोकांसाठीच्या छोट्या रेडिओवर, 90.4 मेगाहर्ट्झवर, आमच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या लागल्या. त्यामागं राबलेल्या सगळ्यांचे मनापासून आभार. तुमची नावंही आम्हाला ठाऊक नाहीत.

निवेदिका ताईंचे किती आभार मानावेत! माइक पाहून आईचा आवाजच फुटेना. ताईंनी तो बाजूला ठेवला, पदर खोचला आणि आईसमोर बसून खुंट्याला हात लावला. दोघींनी पायलीभर ज्वारी दळली, रेकॉर्डिंग त्यानंतर. ओवीत जात्याची घरघर तशीच राहू दिली, मागं पेटी-तबला चिकटवला नाही. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण नटवल्याशिवाय ओवी कुणाला चालतच नाही हल्ली.

2006 साली स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओची परवानगी मिळाली. अशा केंद्राला सहसा 100 वॅटपर्यंतच्या ताकदीनं प्रक्षेपणाची मुभा, म्हणजे आवाज आसपासच्या गावांपुरता. पण तेवढ्यातच कुठल्याशा वस्तीवरच्या एका आजींनी आईला उत्तराची ओवी रचून पाठवली! ती पोचवणाऱ्या धनगर दादांचे, लाईट गेल्यावर केंद्र चालू ठेवणाऱ्या तंत्रज्ञांचेही आभार.

ताई, माहेरच्या ओव्या अजून सांगायच्या राहिल्यात. सुगी उरकली की या, आई वाट बघतेय.