मुलांना लेखक भेटू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

चार महिने लेकीकडे राहून मी गेल्या आठवड्यात पुण्याला परतले. ती अमेरिकेत, ओरेगन राज्यातल्या बीव्हर्टनला राहते. शेजारच्या हिल्सबरोत इंटेलचा मोठा पसारा, त्यामुळे त्या भागात मराठी घरं पुष्कळ आहेत. माझी नात तेरा वर्षांची आहे. तिच्याबरोबर तिथल्या पुस्तकांच्या दुकानात एक संध्याकाळ घालवली, ती आपल्या वाचकांना सांगावीशी वाटते.

दुकान पॉवेल्सचं. पोर्टलंडमधली त्यांची मोठी जागा चार रस्त्यांमधला अख्खा चौकोन व्यापून आहे. बीव्हर्टनची शाखा एका मॉलमध्ये आहे. तिथे नवी आणि वापरलेली पुस्तकं एकाच फळीवर शेजारी शेजारी लावतात. कुमारांसाठी फॅन्टसी लिहिणाऱ्या एका लेखिकेच्या मालिकेचा पहिला भाग नातीने असाच जुना उचलला होता. आतल्या पानावर आधीच्या कुणा मुलीचं नाव पेन्सिलीने लिहिलेलं होतं. त्या लेखिकेचा कार्यक्रम आहे म्हटल्यावर पाऊस असूनही आम्ही अर्धा तास आधी जाऊन बसलो.

घडीच्या खुर्च्या, एक टेबल, एक माईक. व्यासपीठ नव्हतं, शाल-श्रीफळ नव्हतं. दुकानातल्या बाईंनी दोन-तीन वाक्यांत ओळख करून दिली. लेखिकेने दहा मिनिटं वाचून दाखवलं, थोडं बोलली आणि उरलेला सगळा वेळ मुलांना दिला. नातीने विचारलं, पुस्तकाच्या सुरुवातीचा नकाशा आधी काढला की गोष्ट आधी लिहिली? लेखिका म्हणाली, नकाशा आधी काढला, मग एक नदी कथेच्या आड येऊ लागली म्हणून ती पुसून पुन्हा काढली. मागच्या रांगेतला एक मुलगा उभा राहिला. पहिल्या भागात जादू करणाऱ्याच्या अंगातली ऊब कमी होते असा नियम आहे, मग दुसऱ्या भागातल्या लढाईत तो नियम कुठे गेला, असं त्याने विचारलं. त्याचा आवाज थरथरत होता. लेखिकेने क्षणभर विचार केला, चूक झाली हे सरळ कबूल केलं आणि वहीत टिपून घेतलं. त्या मुलाचा चेहरा मला अजून दिसतो. आपण इतकं बारकाईने वाचलं, हे लिहिणाऱ्या माणसाने समोरासमोर मान्य केलं, याहून मोठं बक्षीस त्या वयात काय असतं?

मग सहीची रांग. सहीबरोबर नावही हवं असेल त्यांना दुकानातली मुलगी चिकटचिठ्ठी देत होती. तीवर नाव लिहून पुस्तकाला लावायचं, म्हणजे लेखिकेकडून स्पेलिंग चुकत नाही. माझ्या नातीचं नाव 'ऋ'ने सुरू होतं. ते तिने इंग्रजीत लिहिलं आणि खाली देवनागरीतही लिहिलं. लेखिकेने हे कोणतं अक्षर म्हणून विचारलं, पोरीने सांगितलं. मग लेखिकेने चित्र काढावं तसं सावकाश ते 'ऋ' पुस्तकात उतरवलं, आधीच्या मुलीच्या पेन्सिलीतल्या नावाला हात न लावता, बरोबर त्याच्या खाली.

मी एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. सातवीपर्यंत गोष्टीची पुस्तकं मागणारी मुलं आठवीत गेली की मराठी वाचन सोडतात आणि इंग्रजी फॅन्टसीची जाडजूड पुस्तकं दप्तरात दिसू लागतात, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. दोष इंग्रजी माध्यमाला आणि मोबाइलला दिला जातो. तो काही अंशी खराही असेल, पण या मुलांना मराठी लेखक हाडामांसाचा भेटतो कुठे? काही वर्षांपूर्वी एका कुमार-कादंबरीच्या प्रकाशनाला मी वर्गातली बावीस मुलं घेऊन गेले होते. मुलांना पुढे सतरंजीवर बसवलं आणि मागच्या खुर्च्यांवर मोठी माणसं बसली. दीपप्रज्वलन, सत्कार, चार भाषणं यांत दीड तास गेला. माझ्या एका विद्यार्थिनीने पुस्तक आदल्या रात्रीच वाचून काढलं होतं. तिने हात वर केला, तेव्हा प्रश्न शेवटी घेऊ असं सांगण्यात आलं. शेवटी आभार झाले, लेखक पाहुण्यांबरोबर चहाला गेले. परतताना बसमध्ये ती पोर खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिचा प्रश्न काय होता, हे मी तेव्हा विचारलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

अद्भुताचं आपल्याला वावडं नाही. 'मुक्तामाला' १८६१ची, 'मंजुघोषा' १८६८ची. मराठी कादंबरीचं बाळपणच अशा अद्भुतरम्य कथांत गेलं. पॉवेल्सचं पोर्टलंडमधलं दुकान १९७१मध्ये सुरू झालं, त्याच वर्षी बालभारतीचं 'किशोर' मासिक सुरू झालं. लिहिणारे आजही आहेत. त्यांना आणि बारा ते सोळा वर्षांच्या मुलांना एका खोलीत आणायचं काम राहिलं आहे.

त्याला मोठा खर्च लागत नाही. अप्पा बळवंत चौकातल्या किंवा कुठल्याही गावातल्या पुस्तक विक्रेत्याने महिन्यातला एक शनिवार ठरवावा. वेळ एक तासच ठेवावी. भाषणं नकोत; आधी थोडं वाचन, मग मुलांचे प्रश्न, मग सह्या. जुनं, वाचून मऊ झालेलं पुस्तक आणलं तरी सही मिळावी. प्रकाशकांनी लेखकाचा प्रवासखर्च करावा आणि आपल्या दैनिकाने 'आजचे कार्यक्रम'मध्ये दोन ओळी द्याव्यात. डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव भरतो, तिथेही अशी एखादी संध्याकाळ फक्त या वयाच्या मुलांसाठी राखून ठेवावी, अशी माझी आयोजकांना विनंती आहे.

माझी नात नाताळच्या सुट्टीत पुण्याला येते आहे. मराठी ती अडखळत वाचते, पण वाचते. कुणाकडे असा कार्यक्रम ठरत असेल, तर आपल्या दैनिकातून कळवावं. मी तिला आणि आमच्या सोसायटीतल्या सहा-सात मुलांना घेऊन येईन. पुस्तकं आधी वाचून घेण्याची जबाबदारी माझी.

आपली,
एक निवृत्त मराठी शिक्षिका, पुणे