जंगलातल्या नोंदी सलग राहाव्यात, यासाठी मदत हवी आहे

आमच्या वानर संवर्धन केंद्रात पदव्युत्तर विद्यार्थी राहून संशोधन करतात. उजाडायच्या आत त्यांना टोळी झोपलेल्या झाडाखाली पोहोचावं लागतं, कारण एकदा ती हलली की दाट रानात पुन्हा सापडायला अख्खा दिवस जाऊ शकतो. मग संध्याकाळपर्यंत दर पंधरा मिनिटांनी नोंद करायची: कोण काय खातंय, कोण कुणाचं अंग साफ करतंय, पिल्लू आईपासून किती लांब गेलं. विष्ठा दिसली की लगेच डबीत भरायची. खाल्लेल्या फळांच्या बिया, जंतांची अंडी, ताण दाखवणारी संप्रेरकं, सगळं तिच्यातून कळतं.

माणसाला बुजणाऱ्या टोळीची भीड चेपायलाच कित्येक महिने लागतात, काही जातींत तर वर्षं. शिवाय रानातली फळं दरवर्षी सारखी येत नाहीत. म्हणून खूण केलेल्या त्याच झाडांची पालवी, फुलं, फळं महिन्याच्या महिन्याला पाहावी लागतात. एक महिना हुकला की तो कायमचा हुकला. जेन गुडाल यांनी टांझानियात गोंबे इथे १९६० साली सुरू केलेलं चिंपांझींचं निरीक्षण आजही चालू आहे. त्याचं मोल या सलगपणातच आहे. आणि २०१७ च्या जागतिक आढाव्यानुसार नरवानर गणातल्या, म्हणजे माकडं, चिंपांझी वगैरेंच्या, सुमारे ६० टक्के जाती नामशेष होण्याच्या धोक्यात असताना खंड परवडणारा नाही.

सगळ्यात मोठी गरज आहे ती माग काढणाऱ्या स्थानिक सहकाऱ्यांच्या पगाराची. फांदी हलली की कोणती मादी आहे हे ते सांगतात. त्यांच्याशिवाय नवा विद्यार्थी रानात आंधळाच. शिष्यवृत्तीत हा खर्च बसत नाही, आणि ती बहुतेकदा उशिरा येते.

दुसरी गरज विलगीकरणाच्या खोलीची. २०१३ साली युगांडातल्या किबाले जंगलात माणसाच्या साध्या सर्दीच्या विषाणूने चिंपांझी दगावले. म्हणून बाहेरून आलेल्याने आधी काही दिवस वेगळं राहायचं आणि टोळीजवळ मास्क लावायचा, हा नियम आम्ही कुणासाठीही सैल करत नाही.

शक्य असेल त्यांनी एकदम मोठी रक्कम देण्यापेक्षा वर्षभर दरमहा थोडी द्यावी. पगार दरमहाच द्यायचा असतो. वापरलेली पण काच स्वच्छ असलेली दुर्बीण, पावसात टिकणाऱ्या वह्या, जळवांपासून वाचवणारे लांब मोजेही चालतील. जुने कपडे मात्र पाठवू नका, ते ठेवायला कोरडी जागा नाही. प्रत्येक रकमेची पावती मिळेल आणि वर्षअखेरीस जमाखर्च सर्व देणगीदारांना पाठवू.