दोन शब्द आणि नऊ वर्षं

प्रिय डायना अ‍ॅथिलबाई,

२३ जानेवारी २०१९ला, वयाच्या १०१व्या वर्षी तुम्ही गेलात. हे पत्र तुमच्या हाती पडायचं नाही, तरी ते उघडपणे लिहितो आहोत. आम्ही मराठीत पुस्तकांचं संपादन करणारी माणसं. जीन रीस यांची ‘वाइड सारगॅसो सी’ ही कादंबरी आज जशी आहे तशी आम्हाला वाचायला मिळते, ती तिच्या संपादक म्हणून तुम्ही नऊ वर्षं कळ काढलीत म्हणून.

रीसबाई कॅरिबियनमधल्या डॉमिनिका बेटावरच्या. जन्म १८९०चा, रोझो गावातला. वडील वेल्श डॉक्टर, आई बेटावरच्या जुन्या गोऱ्या मळेवाल्यांच्या घरातली. १९०७मध्ये शिकायला इंग्लंडात आल्या आणि त्यानंतर एकदाच, १९३६मध्ये, बेटावर जाऊन आल्या. बाकी जन्म पॅरिस, व्हिएन्ना, लंडन असा परमुलखात गेला. अखेरची वर्षं डेव्हन परगण्यातल्या चेरिटन फिट्झपेन या खेड्यात. १९३९च्या ‘गुड मॉर्निंग, मिडनाइट’नंतर त्यांचं पुस्तक आलं नाही, तेव्हा त्या वारल्या असंच पुष्कळांनी धरून टाकलं होतं. सेल्मा वाझ डियास या अभिनेत्रीने १९४९मध्ये ‘न्यू स्टेट्समन’ साप्ताहिकात जाहिरात देऊन त्यांना शोधलं. १९५७मध्ये त्याच कादंबरीचं रूपांतर बीबीसी रेडिओवर झालं. मग तुमचे सहकारी फ्रान्सिस विंडम यांनी पत्रव्यवहार सुरू केला आणि आंद्रे डॉइच या तुमच्या प्रकाशनसंस्थेने नव्या कादंबरीवरचा पहिला हक्क २५ पौंडांना घेतला. बाई म्हणाल्या, सहा ते नऊ महिन्यांत देते. पुस्तक आलं ऑक्टोबर १९६६मध्ये.

उशिराची घरगुती कारणं सगळे सांगतात: आजारी नवरा, गारठलेलं घर, पैशाची चणचण, दारू. ती खरीच आहेत. पण खरी अडचण लिखाणातली होती, आणि ती तुम्हाला समजली होती. शार्लट ब्राँटे यांच्या ‘जेन एअर’ या कादंबरीत माळ्यावर कोंडलेल्या वेड्या बायकोची बाजू रीसबाईंना मांडायची होती. रीसबाईंच्या कादंबरीत तिचं नाव अँटोइनेट. पहिल्या भागातलं तिचं बेटावरचं बालपण ही रीसबाईंची घरची जमीन. दुसरा भाग मात्र बहुतेक तिच्या इंग्रज नवऱ्याच्या तोंडून येतो. तो नुसता दुष्ट ठरला तर कादंबरीची तक्रार होते. त्याचीही ओढ खरी वाटली तरच पुढचा नाश अंगावर येतो. ही गाठ १९६४च्या एप्रिलमध्ये सुटली, त्यांनी त्याच्या तोंडी एक कविता लिहिली तेव्हा. कराराची तारीख दाखवून कुणी १९५९-६०मध्येच संहिता ओढून घेतली असती, तर दुसरा भाग लंगडाच छापला गेला असता.

तुम्ही मजकुरात सुचवलंत ते एकच. लग्न फार लवकर विस्कटतं. त्या दोघांना आधी थोडं सुख मिळू द्या. रीसबाईंनी ते मानलं आणि सुखाचे ते दिवस आणखी थोडे फुलवले. ती भर फार मोठी नाही, पण ती काढून वाचून पाहावं: नवऱ्याचा संशय आधीपासून ठरवून ठेवल्यासारखा वाटू लागतो. जागा दाखवायची, कारण सांगायचं, वाक्य मात्र स्वतः लिहून द्यायचं नाही. संपादनाला नव्याने बसणाऱ्यांना आम्ही हे उदाहरण देतो, कारण बहुतेकांचा हात नेमका त्या वाक्याकडेच जातो.

मग नोव्हेंबर १९६४. बाई ७४ वर्षांच्या. मोजक्या ओळी तेवढ्या घालायच्या राहिल्या होत्या, त्यासाठी त्या लंडनला आल्या, आणि हृदयविकाराचा झटका आला. मी हो म्हणेपर्यंत हे छापायचं नाही, असं वचन त्यांनी तुमच्याकडून घेतलं आणि तुम्ही ते दिलंत. बाहेरच्याला वाटेल, चार ओळींचा तर प्रश्न, भरून टाकायच्या. पण या कादंबरीचे सांधे फार नाजूक आहेत. दुसऱ्या भागाच्या मध्यावर निवेदन नवऱ्याकडून अँटोइनेटकडे जातं आणि पुन्हा त्याच्याकडे येतं. वर नाव नाही, सूचना नाही, बोलण्याच्या सुरावरून ओळखायचं. अशा ठिकाणी परक्या हाताची एक ओळही सूर मोडते. मार्च १९६६मध्ये त्यांचे पती मॅक्स वारले. थोड्याच दिवसांत बाईंनी तुम्हाला स्वप्नात पाहिलेल्या बाळाबद्दल लिहिलं: बाळ जन्मलं होतं, म्हणजे पुस्तक पुरं झालं होतं. तेव्हाच तुम्ही ते छापायला घेतलंत.

आणखी एका कामाबद्दल आभार, कारण त्याचं श्रेय कुणी देत नाही. सेल्माबाईंचं ऋण मोठंच. पण त्यांच्या पुढ्यातल्या एका कागदावर रीसबाईंनी गंमत समजून सही केली होती. रंगभूमी, चित्रपट, रेडिओ, टीव्ही यांवरच्या रूपांतरांचं निम्मं उत्पन्न, जगभरातलं, स्वामित्वहक्क संपेपर्यंत, शिवाय कलाविषयक सगळे निर्णयही सेल्माबाईंचे. अशा कागदात टक्केवारी दिसते आणि मुदत नजरेतून सुटते. खरा फटका मुदतीचा असतो. कागद कायद्याने पक्का निघाला, तरी तुम्ही गप्प बसला नाहीत. मध्यस्थ घालून निम्म्याचा हिस्सा एक तृतीयांशावर आणवलात आणि निर्णयाचा अधिकार सोडवून घेतलात. कागदावर सही करण्याआधी तो आम्हाला दाखवा, असं लेखकांना सांगणं हे संपादकाचंही काम आहे, हे आम्ही इथून शिकलो.

१४ मे १९७९ला रीसबाई गेल्या. ‘स्माइल प्लीज’ हे आत्मकथन अपुरं राहिलं. डॉमिनिकाचा भाग त्यांनी पुरा केलेला, पुढचा नाही. दोन्ही एकसारखे घोटून एक करता आले असते. तुम्ही प्रस्तावनेत साफ लिहिलंत की कुठवर त्यांचा हात फिरला आहे आणि कुठून पुढे नाही.

आणि ते दोन शब्द. ‘वाइड सारगॅसो सी’ येऊन काही वर्षं लोटल्यावर बाईंनी तुम्हाला विचारलं, ते पुस्तक अपुरं असताना तुम्ही छापू कसं दिलंत? अपुरं म्हणजे काय, तर एका जागी ‘देन’ आणि एका जागी ‘क्वाइट’ नको होता. तुम्ही त्यावर हसला नाहीत, ते लिहून ठेवलंत. मराठीत त्यांची भावंडं ‘मग’ आणि ‘अगदी’. छपाईआधीच्या शेवटच्या वाचनात आम्ही आता त्या दोघांसाठी एक वेगळी फेरी ठेवतो.

तुमचे ऋणी,
मराठीतले काही संपादक