कारकून काकांना, त्या पोस्टकार्डाबद्दल

कारकून काका,
साष्टांग नमस्कार.

परवा तीन वर्षांच्या एलएलबीला माझा प्रवेश पक्का झाला. पावती हातात पडली आणि पहिली आठवण तुमची झाली. तालुका कोर्टाच्या आवारात तुम्हाला सगळेच ओळखतात, पण बीएच्या शेवटच्या वर्षातल्या एका मुलीसाठी तुम्ही काय केलंत ते कुणाला ठाऊक नाही. ते चारचौघांना कळावं म्हणून हे पत्र उघडपणे लिहितेय.

बांधाच्या दाव्याची तारीख असली की मी बाबांबरोबर यायचे. बारावीनंतरचा पाच वर्षांचा कोर्स हुकला, आता वकिली संपली, असंच मी धरून चालले होते. "अगं, पदवीनंतर तीन वर्षांचा आहे की! सीईटी दे," हे तुम्ही सांगितलंत. क्लासची फी ऐकून बाबा गप्प झाले, तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "कोर्ट उठलं की येत जा."

पहिल्याच दिवशी तुम्ही एका जुन्या दिवाणी दाव्याचं निकालपत्र पुढ्यात ठेवलंत. डावीकडे मुद्दे, म्हणजे कोर्टानं ठरवायचे प्रश्न, उजवीकडे निष्कर्ष. उजवा रकाना तुम्ही पोस्टकार्डानं झाकलात. "दावा वाच, कैफियत म्हणजे प्रतिवादीचं उत्तर वाच, पुरावा वाच. आता सांग, होय की नाही? आणि का?" मी वादीची बाजू घेतली, कारण ती विधवा बाई होती. तुम्ही पोस्टकार्ड सरकवलंत. 'नाही.' मग शांतपणे विचारलंत, "तुला दया आली, ते बरोबरच आहे. पण शाबीत काय झालं?" सीईटीत कायद्याचं तत्त्व आणि प्रसंग देऊन उत्तर विचारतात, तिथं मी प्रत्येक वेळी मनातल्या मनात ते पोस्टकार्ड ठेवलं.

आणि तो सातबारा! शेतकऱ्याच्या घरात वाढलेली मी, सातबाऱ्यावर नाव म्हणजे मालकी, यात मला शंकाच नव्हती. ती महसुलाची नोंद आहे, केवळ तिच्यानं मालकी ठरत नाही, हे तुम्ही आमच्याच फेरफाराच्या, म्हणजे नावबदलाच्या, नोंदीवर बोट ठेवून समजावलंत. त्या रात्री बाबा आणि मी कितीतरी वेळ बोलत बसलो होतो.

मी रद्दीतून आणलेलं पुस्तक जुन्या दंड संहितेचं होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झालेली. सगळी नोकरी तुमच्या तोंडी ३०२ आणि ४२०. तरी तुम्ही माझ्या वहीत स्वतःच्या हातानं तक्ता आखलात: खुनाच्या शिक्षेचं ३०२ आता १०३, फसवणुकीचं ४२० आता ३१८. लाल पेन्सिलीनं जुनं, निळ्या पेन्सिलीनं नवं. त्या वयात माझ्याबरोबर तुम्हीही नव्यानं पाठ केलंत, काका. हे मी कसं विसरेन?

विद्यापीठाची परीक्षा आणि सीईटी जवळजवळ आल्या तेव्हा मी रडले होते. प्रश्न मराठीतही असतात, चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, हे तुम्ही रोज बजावायचात. मी एकही सोडला नाही.

दिवाळीला गावी येतेय. बाबांच्या दाव्यात मुद्दे निघाले असतील तर नक्कल काढून ठेवा. या वेळी पोस्टकार्ड मी धरीन.

तुमची,
बांधाच्या दाव्यातली मुलगी