समासातली अक्षरे राखणाऱ्या बाइंडरकाकांस

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

साखर पेठेतल्या तुमच्या दुकानातून 'टिंकल' या मुलांच्या मासिकाचे बांधीव खंड घरी आणले, त्याला आज आठ दिवस झाले. त्या दिवशी तुम्ही पैसे मोजून घेतलेत, मी पिशवी उचलली आणि घसा दाटल्यामुळे एक शब्दही न बोलता पायऱ्या उतरले. ते राहून गेलेले आज लिहिते आहे.

हे अंक माझ्या दादाचे. मागच्या आषाढात तो गेला आणि त्याच पावसात माळ्यावर पाणी झिरपून त्याची ट्रंक भिजली. अंक वाळवून मी आधी दुसऱ्या एका दुकानात पाच अंकांचा गठ्ठा दिला होता. तीन आठवडे खेपा घालायला लावून त्यांनी तो परत दिला, तेव्हा कडा अगदी सुबक दिसत होत्या, कारण तिन्ही बाजूंनी यंत्र फिरवले होते आणि दादाने समासात लिहिलेले सगळे कातरणासोबत केरात गेले होते. मी विचारले, तर 'जुनी कॉमिक्सच तर आहेत, एवढे काय त्यात' असे ऐकवले गेले. ते वाक्य मला अजून बोचते.

तुम्ही मात्र यंत्राला हात लावण्याआधी फोन केलात. 'ताई, समासात पेन्सिलीने कुणी तरी लिहिले आहे, हे कापू का?' एवढेच तुम्ही विचारलेत, आणि मी नको म्हटल्यावर कारण विचारले नाहीत. नुसती कड राखून तुम्ही थांबला नाहीत. गंजलेल्या पिना काढून प्रत्येक घडीला तुम्ही आतून कागदाची पट्टी चिकटवलीत आणि शिवण त्या पट्टीतून घेतलीत, म्हणून पाठीकडच्या समासातले शब्दही शिवणीत गडप झाले नाहीत. खंडांच्या कडा वरखाली दिसतात, बोट फिरवले की लागतात, आणि त्यांच्याकडे पाहून मला किती बरे वाटते ते सांगता येत नाही.

खंड न्यायला आले तेव्हा 'या मासिकात एवढे काय आहे' असे तुम्ही कौतुकाने विचारले होते. तेच शब्द आधी तुच्छतेने ऐकले होते, म्हणून तुमच्या प्रश्नाचे उत्तर नीट द्यावेसे वाटते. 'अमर चित्र कथा' घराघरांत नेणारे अनंत पै यांनी नोव्हेंबर १९८० मध्ये मुलांसाठी हे इंग्रजी चित्रकथांचे मासिक सुरू केले. नाव ठरवण्याच्या बैठकीत सहकारी सुब्बा राव यांना फोन आला, 'नंतर टिंकल देतो', म्हणजे घंटी वाजवतो, असे त्यांनी फोनवर सांगितले, आणि पै यांनी तोच शब्द उचलला. वेंधळा सुपंडी १९८३ मध्ये आला, तोही तिरुचिरापल्लीच्या एका वाचकाने पाठवलेल्या तमिळ लोककथांतून. त्याला चेहरा दिला राम वाईरकरांनी. टोपीखाली डोळे झाकलेला शिकारी शंभू वसंत हळबे यांनी काढला, कालिया कावळा प्रदीप साठे यांनी आणि तंत्री नावाचा मंत्री अशोक डोंगरे यांनी. इंग्रजी मासिकात इतके मराठी हात आहेत, हे दादा अभिमानाने सांगत असे. वाईरकर २००३ मध्ये गेल्यावर सुपंडी त्यांच्या कन्येने रेखाटला, याचे त्याला विशेष अप्रूप होते.

आमची शाळा मराठी माध्यमाची, वडील गिरणीत. घरात इंग्रजी बोलणारे कुणी नव्हते, म्हणून दादा अडलेल्या शब्दाखाली रेघ मारून शब्दकोशातला अर्थ समासात लिहीत असे. राजा हूजाची गादी बळकावण्यासाठी हा तंत्री मंत्री सतत कट करतो. त्या गोष्टीत 'थ्रोन' या शब्दापुढे दादाने आधी 'फेकलेला' असे लिहिले आहे, मग ते खोडून 'सिंहासन' असे लिहिले आहे. दोन्ही शब्द कानाला सारखेच, त्यामुळे तो चकला असणार. त्या पानाचा कोपरा फाटला होता. तुम्ही मागच्या बाजूने तलम कागद लावून तो असा सांधलात की खोडलेला शब्दसुद्धा वाचता येतो. चुकलेला शब्द राखायला तुम्हाला कुणीही सांगितले नव्हते.

दुसऱ्याची वस्तू हातात घेतल्यावर ती त्याला किती मोलाची असेल याचा क्षणभर विचार करणारी माणसे मी फार थोडी पाहिली आहेत. तुम्ही जेवढे पैसे घेतलेत त्यात या विचाराची किंमत धरली नव्हती.

दादाची मुलगी रोज संध्याकाळी एक खंड मांडीवर घेऊन बसते. गोष्ट बाजूला ठेवून ती आधी समास वाचते. काल तिने 'फेकलेला' मोठ्याने वाचले, खूप हसली आणि मग तिने त्या अक्षरांवर बोट ठेवले. ते बोट तिने बराच वेळ उचलले नाही.

आत्याच्या घरी दादाचे आणखी सतरा अंक सापडले आहेत. गड्ड्याची यात्रा आटोपली, की ते घेऊन मी आणि दादाची मुलगी दोघी तुमच्याकडे येतो. तिला तुम्हाला पाहायचे आहे.

आपली कृतज्ञ,
दादाची धाकटी बहीण
सोलापूर